पगाराच्या घरात आगोटीची बेगमी

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पगारपत्रकं लिहिली. कुणाच्या घरी किती पैसे जातात ते मला माहीत असायचं, आणि वीस तारीख उलटली की उचल मागायला कोण येणार, तेही. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा उमगली. दर महिन्याला उचल मागणाऱ्यांत सगळ्यांत कमी पगाराची माणसं क्वचितच असायची. हेल्पर, लोडर यायचे ते घरात आजारपण निघालं तर, नाहीतर जूनमध्ये शाळा उघडताना. नेमाने यायचे ते ऑपरेटर आणि सुपरवायझर, ज्यांचा ओव्हरटाइम भरपूर व्हायचा ते.

कारण साधंच होतं. ऑर्डर मोठी आली की ओटी लागतो. ओटीचा दर कायद्यानेच दुप्पट, त्यामुळे नेहमीच्या पगाराच्या सव्वापट-दीडपट रक्कम हातात पडते. असं तीन-चार महिने झालं की घरातल्यांच्या मनात तोच पगार ठरून जातो. त्या रकमेकडे बघून नवी मोटारसायकल येते, मोठा टीव्ही येतो. मग ऑर्डर आटते, ओटी बंद होतो. हप्ता चालू राहतो.

म्हणून या लेखातली पहिली सूचना आत्ताच सांगून टाकतो. कोणताही हप्ता घेताना फक्त मूळ पगार बघा. ओटी, इन्सेंटिव्ह, नाइट अलाउन्स, दिवाळीचा बोनस यांपैकी कशावरही हप्ता बांधू नका. एवढी एक गोष्ट पाळली असती, तर माझ्या टेबलासमोर उभी राहणारी निम्मी माणसं तिथे आली नसती.

आपल्या भागातला पैसा स्थिर नाही, हे आधी मान्य करायला हवं. बोईसर-तारापूरचं पोट कापड, रसायनं, औषधं आणि पोलाद यांवर भरतं, आणि या चारही धंद्यांची दोरी दूर कुठेतरी असते. २०२०च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि पाठोपाठ वसाहत थंडावली, तेव्हा परप्रांतातले हजारो कामगार सामानाची पिशवी उचलून निघून गेले. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि निर्यातीवर चालणाऱ्या धंद्यांत रात्रीत काळजी पसरली. त्यातही जो ठेकेदाराच्या हजेरीवर आहे त्याला नोटीस येत नाही, ‘उद्यापासून ब्रेक’ एवढंच सांगितलं जातं. काटकसरीचे लेख सरकारी नोकरी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. ‘उत्पन्नाच्या अमुक टक्के बाजूला टाका’ हा सल्ला, ज्याचं उत्पन्नच दर महिन्याला बदलतं त्याला काय कामाचा?

पण अनिश्चित उत्पन्नात घर कसं चालवायचं, हे आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. त्याला आपल्याकडे शब्दही आहे: आगोट.

मिरग लागायच्या आधी घर भरून ठेवायचं, ती आगोटीची बेगमी. पाऊस सुरू झाला की नद्या-ओहोळ भरतात, वाट बंद होते, मजुरी बंद होते, मासेमारीही थांबते. आज मासेमारी सरकारी आदेशाने १ जून ते ३१ जुलै बंद असते. पूर्वी दर्याच ती बंद करायचा. म्हणून अक्षय्य तृतीया झाली की आमच्या घरी आईचं काम सुरू व्हायचं. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. अंगणात एका खाटेवर कडवे वाल, दुसरीवर चिंच. चिंचेतले चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे बरणीत जायचे. कैरीच्या फोडी उन्हात वाळून आंबोशी व्हायची. कांद्याच्या माळा माजघरातल्या आढ्याला. तांदूळ पिंपात भरताना आई त्याला एरंडेल चोळायची, मग पिंपाला कान लावून वरून थापटायची; आवाजावरून किती जागा उरली ते तिला कळायचं. शेवटी सातपाटीहून सुक्या बोंबलांच्या जुड्या यायच्या. वलांडीवर नीट वाळलेला बोंबील बोटाने वाकवला की कडकन मोडतो, दमट असेल तर नुसता वाकतो. आई तो वाकवून बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

हे सगळं भरून होईपर्यंत घरात दुसरी कसलीही खरेदी नसायची. छत्रीसुद्धा नंतर. आणि भरून झालं की आई एकच वाक्य म्हणायची, ‘आता पडू दे किती पडायचा तो.’ तिच्याकडे पैसा फार नव्हता. पण घराला किती पुरतं ते तिला नेमकं ठाऊक होतं, आणि तेवढं घरात आलेलं होतं. समाधान म्हणून जे आपण शोधत असतो, ते मला त्या वाक्यात स्पष्ट ऐकू यायचं.

आज आपल्याला आगोट भरायची आहे ती पावसासाठी नव्हे, काम थांबेल त्या महिन्यांसाठी. त्यासाठी घराला किती लागतं हा आकडा काढायचा. नुसता अंदाज नको, वहीत लिहून. उदाहरण म्हणून बोईसरच्या चाळीत भाड्याने राहणारं चार माणसांचं एक घर घेऊ. भाडं ६,०००, धान्य-तेल-मसाला ४,५००, दूध-भाजी-मासळी ४,०००, शाळा आणि मुलांची रिक्षा २,५००, वीज १,०००, गॅस ९००, औषधं ६००, मोबाइल ५००. बेरीज २०,०००. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून तर ते तुम्हीच लिहायचे. यात कपडे नाहीत, हॉटेल नाही, हप्तेही नाहीत. काम थांबलं तरी जे थांबत नाही, फक्त तेवढंच. याची तिप्पट, ६०,००० रुपये, ही त्या घराची आगोट.

आकडा बघून छाती दडपते, मला कल्पना आहे. पण दरमहा २,००० बाजूला पडले आणि दिवाळीच्या बोनसमधले ८,००० त्यात टाकले, तर दोन दिवाळ्यांत ६४,००० होतात. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के असतो; तो हातात पडण्याआधीच खर्चून बसायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती फक्त दोन वर्षं मोडायची. ज्यांना २,००० जमत नाहीत त्यांनी एका महिन्याची आगोट भरावी. एक महिना हाताशी असलेला माणूस ठेकेदाराशी वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी पाहिलं आहे. त्याला मिळेल ते काम पहिल्याच दिवशी धरावं लागत नाही.

आणि आगोटीतला काही भाग खरोखरच धान्याच्या रूपात ठेवा. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा नाही, तरी चार महिन्यांचा तांदूळ आणि कडधान्य एकदम घेतलं तर किलोमागे चार पैसे वाचतात, शिवाय पगार लांबला तरी चूल पेटते. वाडा कोलमला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तो तांदूळ आपल्याच जिल्ह्यात पिकतो. ओळखीचा शेतकरी गाठून दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर मधला दलाल वाचतो. शिधापत्रिकेवरचं धान्य ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सोडणारी घरं मी पाहिली आहेत. प्राधान्य गटात असाल तर माणशी पाच किलो धान्य सध्या मोफत मिळतं, अंत्योदयच्या कार्डावर घराला ३५ किलो. तो हक्क आहे, त्यात लाज कसली?

आता हप्त्याचं गणित. दुकानदार सांगतो, २४,०००चा टीव्ही, फक्त दहा टक्के व्याज, बारा हप्ते. म्हणजे व्याज २,४००, हप्ता २,२००चा. ऐकायला स्वस्त वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २४,०००वर आकारलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर हिशेब केला तर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यावर प्रोसेसिंग फी वेगळी. ‘झिरो टक्के’ म्हणून जी जाहिरात असते, तिथे बहुतेक वेळा रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट तुम्हाला मिळत नाही. तेच तुमचं व्याज. म्हणून दुकानात दोनच प्रश्न विचारा. रोख घेतला तर कितीला? आणि सगळे हप्ते, फी, विमा मिळून एकूण किती? दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा आणि घरी या. त्याच दिवशी घेऊ नका.

दुसरा हिशेब माझ्या एका सहकाऱ्याच्या बायकोने मला शिकवला. ती म्हणाली, ‘भाऊ, बावीसशे भरायची ऐपत आहेच, तर आधी भरू आणि मग घेऊ.’ २,२०० रुपये दरमहा साठवले तर अकराव्या महिन्यात २४,२०० होतात. टीव्ही रोखीने येतो, व्याज वाचतं, आणि मधल्या अकरा महिन्यांत काम गेलं तर ते पैसे तुमचेच असतात. त्यांच्या बाबतीत तर दहाव्या महिन्यापर्यंत तो टीव्ही नकोसाच झाला होता. त्या पैशांतून त्यांनी शिलाई मशीन घेतलं. दहा महिने थांबल्यावरही जे हवंसं वाटतं ते जरूर घ्या, अगदी आनंदाने घ्या. माझा विरोध वस्तूला नाही.

क्रेडिट कार्डाबद्दल फार लिहीत नाही. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे. पूर्ण बिल फेडणं जमत नसेल तर कार्ड कपाटात ठेवा.

लग्नाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या कर्जाला एक भयंकर इतिहास आहे. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात एकेकाळी वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचा, आणि ते फेडण्यासाठी बायकोसह त्याच्याकडे राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज थोडं असे, राबणं वर्षानुवर्षं चाले. १९४५च्या वारली उठावाने वेठीवर आणि लग्नगडी प्रथेवर घाव घातला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ती हकीकत लिहून ठेवली आहे. १९७६मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. एवढं सोसून सुटलेल्या जिल्ह्यात आज आपण हळदीच्या डीजेसाठी, हॉलसाठी आणि फोटोशूटसाठी तीन-तीन वर्षांचं कर्ज आपण होऊन घेतो, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं, जेव्हा घर उभं राहायचं असतं, तीच हप्त्यांत जातात.

यावर मी पाहिलेला एक उपाय असा: लग्न ठरल्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी आमंत्रणाची यादी करण्याआधी रक्कम ठरवायची, आणि ती दोन्ही घरांच्या हातात असलेल्या पैशाएवढीच. मग त्या रकमेत बसेल तेवढी यादी. बोलणी नवरा-नवरीसमोर व्हावीत. कर्ज पुढे त्यांनाच फेडायचं असतं, आणि त्यांना विचारलं तर बहुतेक वेळा तीच कमी खर्चाची बाजू घेतात.

दुसरा आपल्याच भागातला प्रश्न जमिनीच्या मोबदल्याचा. मुंबई-वडोदरा महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन अशी कामं पालघर जिल्ह्यातून जात आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, ते तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. पिढ्यान् पिढ्या ज्या घराने वर्षाला एकदा भाताचे पैसे पाहिले, त्या घराच्या खात्यात एका दुपारी लाखो रुपये येतात. दुसऱ्या दिवसापासून गाडीवाले, प्लॉटवाले आणि दाम-दुप्पटवाले दारात उभे.

ज्यांना असा पैसा मिळाला आहे किंवा मिळणार आहे त्यांना हात जोडून सांगतो, पहिले सहा महिने त्याला हात लावू नका. घरातली जुनी कर्जं तेवढी फेडा, बाकी ठेवीत राहू द्या. जमीन ही वर्षाला पीक देणारी वस्तू होती. तिच्या जागी आलेला पैसाही वर्षाला काही देईल अशाच ठिकाणी लागला पाहिजे. गाडी पीक देत नाही, आणि शोरूममधून बाहेर पडल्या दिवशीच तिची किंमत उतरते. खातं नवरा-बायको दोघांच्या नावाने ठेवा. सगळी रक्कम एका बँकेत ठेवू नका, कारण बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण असतं. ही मर्यादा २०२०च्या फेब्रुवारीपासूनची, त्याआधी एक लाखच होती. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा स्वतःचेच पैसे काढता न आलेले ठेवीदार आपण टीव्हीवर रडताना पाहिले आहेत. पतसंस्थांच्या ठेवींना तर हे विम्याचं संरक्षणही नसतं. तुमच्या गावची पतसंस्था चांगली असेल, तिथे थोडे ठेवा, सगळे नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गरजा कमी करा हा सल्ला ज्यांच्या गरजाच भागत नाहीत त्यांच्यासाठी नाही. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तो हाच जिल्हा आहे. दसरा-दिवाळीनंतर मोखाड्या-जव्हारची कुटुंबं उचल घेऊन आजही वीटभट्टीवर जातात. त्यांना काटकसर शिकवणारे आपण कोण? त्यांना हवी आहे पूर्ण मजुरी, रोजगार हमीचं वेळेवर काम आणि शिधा. मी बोलतो आहे ते पगारदार, दुकानदार, बागायतदार घरांशी, ज्यांच्याकडे पुरेसं येतं आणि तरीही पुरत नाही.

ते का पुरत नाही? मला वाटतं, आपण मोजमाप बदललं. २०१३च्या एप्रिलमध्ये विरारपासून डहाणूपर्यंत लोकल आली. तिने कॉलेज जवळ आणलं, नोकरी जवळ आणली, हे फार मोठं काम झालं. पण तिच्याबरोबर मुंबईचं मोजमापही आलं. रविवार म्हणजे मॉल, वाढदिवस म्हणजे हॉटेल, हे आपण तिकडून उचललं आणि आपल्याकडे काय आहे ते विसरलो. बोईसरच्या माणसाला तासाभराच्या आत आसावा गड आहे, काळदुर्ग आहे. चिंचणीचा, नांदगावचा, शिरगावचा, केळव्याचा किनारा आहे. आठवडाभर एसी केबिनमध्ये नाहीतर रिअ‍ॅक्टरच्या उष्णतेत काम करणाऱ्याला रविवारी सकाळी आसावा चढल्यावर जे वाटतं ते कोणत्याही फूड कोर्टात मिळत नाही. मुलांना तर नाहीच. न्याहारी डब्यात न्या, एसटीचं नाहीतर रिक्षाचं भाडं, एवढाच खर्च.

खाण्याचंही तसंच. पहिला पाऊस पडला की पालघर-बोईसरच्या स्टेशनाबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. जांभळट, टोकदार कोंब, पानात बांधलेल्या जुड्या. शेजारी काकडांचा वाटा. शेवळाचा आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घशाला खाज येते. बाकीचं बारीक चिरून काकडांच्या आंबट रसात शिजवायचं, घरात असतील तर मूठभर सोडे घालायचे. वर्षातून तीन-चार आठवडे मिळणारी ही भाजी. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी येतात. ऑनलाइन मागवलेल्या एका पिझ्झ्याच्या पैशांत आठवडाभर या भाज्या होतात, आणि ते पैसे विक्रमगडच्या नाहीतर मनोरच्या एखाद्या घरात जातात. त्या बाईशी घासाघीस करू नका. वाचवायचे पैसे वाचवायच्या दुसऱ्या जागा आहेत.

त्यातली एक जागा म्हणजे दुरुस्ती. चिंचणी-तारापूरची माणसं दागिन्यांचे डाय कोरण्यासाठी ओळखली जातात. केसाएवढी रेघ पोलादात कोरणारे हात या गावांत आहेत. अशा भागात आपण मिक्सरचं भांडं गळायला लागलं म्हणून मिक्सर टाकून देतो. बूट शिवून घ्या, पंख्याचा कपॅसिटर बदलून घ्या, मोबाइलची बॅटरी बदला. वस्तू आणखी तीन वर्षं चालते आणि गल्लीतल्या कारागिराचं दुकानही चालतं.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी एकच सांगतो. सध्या चालू असलेल्या हप्त्यांपैकी जो सगळ्यांत आधी फिटणार आहे त्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहा. तोपर्यंत नवा हप्ता घ्यायचा नाही. तो फिटला की पुढच्या महिन्यापासून तेवढीच रक्कम स्वतःच्या नावाने भरायची. घराला तेवढ्या पैशांवाचून राहायची सवय झालेलीच असते. वही मात्र आज रात्रीच काढा. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, बायको-मुलांसह बसा आणि काम थांबलं तरी जे थांबत नाही ते एकाखाली एक लिहा. पहिल्या ओळीवर तांदूळ लिहा. आणि पैसे कुठे भरायचे म्हणाल, तर पोस्टाची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते.